पेटी हलवण्याबाबत

एलिसेओ ब्रान्दोलिनने जाडजूड शब्दकोश उचलून बाजूला ठेवला. पत्र खालीच होतं. ते तिथून कुठे जाणार होतं म्हणा, तरी रोज सकाळी वाचनालय उघडलं की तो एकदा शब्दकोश उचलून पाही आणि पत्र जागेवर दिसलं की शब्दकोश पुन्हा त्यावर ठेवून देई. प्रांताच्या आरोग्य खात्याने ते भर हिवाळ्यात पाठवलं होतं. आता चौकातलं लापाचोचं झाड फुलून त्याची फुलं गळायला लागली होती आणि उत्तर अजून गेलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं. अरोयो मान्सोच्या सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग सान हेर्वासिओच्या मोठ्या दवाखान्यात सामावून घेण्याचं ठरलं आहे. तिथे नवजात बाळांसाठी ऊब देणाऱ्या आणखी एका काचेच्या पेटीची गरज आहे. अरोयो मान्सोची पेटी सरकारच्या नव्हे, दवाखाना सहाय्य मंडळाच्या मालकीची असल्याने ती हलवण्यास मंडळाच्या अध्यक्षांनी व चिटणिसांनी सहीनिशी संमती कळवावी. तोवर विभाग आहे तसा चालू राहील.

अध्यक्ष नेलिदा गाउना होती. चिटणीस तो होता.

उत्तर लिहायला तो बसलाच नव्हता असं नाही. ‘आम्ही नम्रपणे’ असं लिहिलं की ते खोटं वाटे. ‘आम्ही ठामपणे’ असं लिहिलं की स्वतःचंच हसू येई. आयुष्यात त्याने ठामपणे काय केलं होतं? पुस्तक परत न करणाऱ्यांच्या दारापर्यंत जाऊन, बेल न वाजवता परत आला होता. एकदा त्याने पानभर लिहून काढलं, संध्याकाळी वाचलं, आणि ते दुसऱ्याच कोणी, जास्त शिकलेल्या आणि जास्त रागावलेल्या माणसाने लिहिल्यासारखं वाटलं म्हणून फाडून टाकलं. उभं आयुष्य पुस्तकांत गेल्यामुळे गाव त्याला मास्तर म्हणत असे. आपण कधीच कोणाला शिकवलं नाही, हे तो सुरुवातीला सांगायचा. पुढे त्याने तेही सोडून दिलं.

दार ढकलून ओविदिओ मायदाना आत आला. पोस्ट तोच चालवी आणि वाचनालयाची वर्तमानपत्रं स्वतः आणून टाकी, कारण त्यानिमित्ताने दोन शब्द बोलता येत.

“काय मास्तर, अजून गप्पच ना?”

“हो. म्हणजे... अजून तरी.”

“शाब्बास! बसा असेच. बोंबलू दे त्यांना. माझी पोरगी इथंच बाळंत होणार, सांगून ठेवतो. तिची आई इथं झाली, ती इथं झाली. आणि तो रस्ता! पाऊस झाला की बैल रुततो तिथं, गरोदर बाईचं काय घेऊन बसलात?”

“रस्ता वाईट आहे खरा.”

“तुमच्यासारखी दोन डोकी गावात आणखी हवी होती,” ओविदिओ म्हणाला आणि पेपर टेबलावर आपटून निघून गेला.

गावात असं पसरलं होतं की मास्तरांनी युक्ती काढली आहे. खातं विचारतंय, तर आपण उत्तरच द्यायचं नाही. उत्तर नाही तर पेटी हलत नाही, पेटी हलत नाही तर विभाग बंद होत नाही. हे नेलिदानेच सभेत जाहीर केलं होतं, खुर्चीवर चढून. “आमच्या चिटणिसाला कमी समजू नका,” ती गरजली होती, “हा न बोलता लढतो!” एलिसेओ तेव्हा उठला होता. त्याला सांगायचं होतं की ही युक्ती वगैरे काही नाही, मला शब्द सापडत नाहीयेत. पण तो उठलेला पाहून लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि तो पुन्हा बसला. तेव्हापासून बेकरीतली बाई त्याच्या पिशवीत एक गोड पाव जास्त टाकत होती. तो तिला परत कसा करायचा, हेही त्याला कळत नव्हतं.

आणि पेटी साधीसुधी नव्हती. मंडळाने ती घ्यायची ठरवली तेव्हा कोणी तरी एक कालवड दिली होती. तिच्यावर सोडत काढली, तिकिटं खपली, पण पैसे पुरेनात. ज्याला ती लागली त्याने ती मंडळाला परत दिली. पुन्हा सोडत. ज्या विधवेला दुसऱ्यांदा लागली तिनेही परत केली. अशी ती लागत आणि परत येत राहिली, शेवटी गाभण राहिली आणि कालवड म्हणायची सोय उरली नाही. तेव्हा कुठे पेटी आली. मग पेटीचं नावच कालवड पडलं. दिवस भरायच्या आधी आलेलं मूल कालवडीत ठेवलंय, असं आया सहज सांगत. त्यातली काही पोरं आता मिशीवाली झाली होती. गावच्या संघाच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू सुटला की कुंपणापलीकडून हमखास आरोळी येई, “अरे, कालवडीतून बाहेर ये की आता!”

दुपारी गाव झोपलं. लाल धूळसुद्धा रस्त्यावर अंग टाकून पडल्यासारखी दिसत होती. एलिसेओ मागच्या खोलीत खिडकीच्या झडपा लावून बसला होता, तेव्हा त्या झडपांवर बोटांनी टकटक झाली.

सुनिल्दा होती. दवाखान्याची सुईण. तिची जोडीदारीण निवृत्त झाल्यापासून एकटीच. हातात बर्फ घातलेला थर्मास आणि येर्बाचा, चहासारख्या पाल्याचा, नळी घातलेला पेला होता, आणि अंगावर अजून दवाखान्याचाच निळा डगला.

“झोपला नव्हता ना, मास्तर?”

“नाही, नाही. ये.”

ती बसली. बसताना तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला, पण पाठ टेकली नाही. थंड येर्बाचा पहिला पेला तिने स्वतः ओढला, मग भरून त्याच्यापुढे केला.

“तुमच्या भिंतीवरचं ते पोस्टर काढा की,” ती म्हणाली.

‘सुनिल्दा आमची आहे’ असं त्यावर मोठ्या अक्षरांत होतं.

“मी नाही लावलं ते.”

“ठाऊक आहे. फोटो माझ्या लग्नातला घातलाय. एका अर्थी बरंच आहे, कोणी ओळखत नाही.”

तो हसला. तीही हसणार होती, पण मध्येच राहून गेलं.

“उत्तर पाठवलंत?”

“नाही.” आता कौतुक होणार म्हणून त्याने सवयीने मान खाली घातली.

“पाठवा.”

“काय लिहून?”

“हो म्हणून.”

एलिसेओने नळी तोंडातून काढली. पेला रिकामा झाला नव्हता, तरी परत दिला. तिने तो घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.

“मला झोप लागली, मास्तर.”

“अगं, कोणालाही लागेल. एकटी बाई, दिवस-रात्र...”

“सभेच्या आधीचं. कालवडीत बाळ होतं. मी खुर्चीत होते, समोरच. पेटीची धोक्याची घंटा वाजत होती आणि मला ऐकू येत होती. ऐकू येत नव्हती असं नाही. स्वप्नात मला वाटत होतं, शाळा सुटलीय.” तिने पेल्यातला बर्फ हलवला. “आजी आली बाळाची. तिने खांदा धरून उठवलं.”

“मग?”

“मग काही नाही. बाळ नीट आहे. दूध पितंय, वजन धरतंय. काही झालं नाही.” ती पुन्हा म्हणाली, “काही झालं नाही,” आणि या वेळी ते एलिसेओला सांगितल्यासारखं वाटलं नाही.

“डॉक्टरांना सांग ना. आणखी एक माणूस मागायला...”

“मागितलं. जाहिरात दिली. एक मुलगी आली होती, बसमधून उतरली, दवाखाना पाहिला, त्याच बसने गेली. डॉक्टर म्हणतात, सुनिल्दा, मी पण उभ्याने झोपतो. भूल देणारा मंगळवारचा येतो. बाकीच्या बायकांनी पोट धरून मंगळवारची वाट बघायची.”

“मग हे सभेत सांगितलं असतंस...”

“सभेत?” ती आता खरंच हसली. “मला खांद्यावर घेतलं होतं लोकांनी. खांद्यावर बसून माणूस काय सांगणार, मास्तर?”

बाहेर एक कुत्रं उठलं, सावली बदलून पुन्हा आडवं झालं.

“तो रस्ता मात्र...” एलिसेओ म्हणाला. त्याला वाटलं, कोणी तरी रस्त्याचं बोललंच पाहिजे.

“रस्ता वाईटच आहे. कधी तरी त्या रस्त्यात एखादीचं बरंवाईट होईल. मी काय, मला नाही का कळत? त्या पोरींचे चेहरे माझ्यासमोर येतात.” तिने डोळे चोळले. “पण इथं मी त्या खुर्चीत झोपलेली असेन. सान हेर्वासिओला आम्ही चौघीजणी असू. तिथं पाळीपाळीने झोपता येतं.”

जाताना तिने पेला धुतला नाही, तसाच पिशवीत टाकला. दारात थांबून म्हणाली,

“तुम्हालाच सांगितलं, कारण तुम्ही कोणाला काही सांगत नाही.”

तो एकटा उरला तेव्हा हे कौतुक होतं की नाही, याचा त्याने थोडा विचार केला. मग कागद घेतला. उत्तर दोन ओळींत झालं. नम्रपणे नव्हतं, ठामपणे नव्हतं. पेटी हलवण्यास मंडळाची संमती आहे, एवढंच. त्याखाली त्याने आणखी एक वाक्य लिहिलं, की अ‍ॅम्ब्युलन्स अरोयो मान्सोतच उभी राहावी आणि तिच्यावर दोन चालक असावेत. हे कोणी वाचेल की नाही, याची त्याला शंका होती. तरी त्याने ते खोडलं नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी शब्द शोधत होतो ते हे नव्हतंच, असं त्याला वाटलं. आणि लगेच, असं वाटणंही कदाचित स्वतःला बरं वाटावं म्हणूनच असेल, असंही वाटलं.

नेलिदाचं मटणाचं दुकान संध्याकाळी उघडायचं. तो पोचला तेव्हा ती मांसाचा खिमा करत होती, कोपरापर्यंत हात माखलेले. नवरा गेल्यापासून दुकान तीच बघे, आणि मंडळही दुकानासारखंच चालवी.

“ये रे. तोंड असं का तुझं? कोणी मेलं का?”

“नाही. सही हवी होती.”

वाटेत त्याने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. रस्ता, जाहिराती, मंगळवार, सगळं. फक्त झोपेचं नाही. झोपेचं कोणालाच सांगायचं नव्हतं. पण नेलिदाने फडक्याला हात पुसले, कागद घेतला आणि चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचू लागली, तेव्हा त्याचं जुळवलेलं सगळं गळून पडलं. ती ओरडेल म्हणून तो आकड्याला टांगलेल्या सॉसेजांच्या माळांकडे पाहत उभा राहिला. ती ओरडली नाही.

“सुनिल्दा आली होती का?”

“नाही.”

“एवढी पुस्तकं वाचलीस, खोटं बोलायला कुठल्याच पुस्तकात नव्हतं का रे?”

एलिसेओ पुन्हा सॉसेजांच्या माळांकडे पाहू लागला.

“आजी कोण ते सांगितलं तिने?”

“नाही,” एलिसेओ म्हणाला. हे खरं होतं, आणि नेलिदाने ते लगेच ओळखलं. तिने कागद ठोकळ्याच्या कोरड्या बाजूला ठेवला आणि खिम्याच्या यंत्राची मूठ धरली, पण फिरवली नाही.

“बाहेर बाकावर होते मी. घंटा ऐकली, मला वाटलं कोणाचा फोन. उचला की मेल्यांनो, असं मनात म्हटलंसुद्धा. मग आत गेले. ही खुर्चीत, तोंड उघडं, हात मांडीवर. आमची आई शेवटी-शेवटी अशी झोपायची.” तिने मूठ सोडली. “तुला सांगू? मी आधी नातीकडे नाही पाहिलं. हिच्याकडेच बघत राहिले. घंटा वाजतेय, आणि मी उभी. हिला उठवायचा जीवच होईना माझा.”

यंत्राखाली ठेवलेल्या परातीवर एक माशी बसली. नेलिदाने ती हाकलली नाही.

“आणि नंतर सभेत तू...”

“सभेत खुर्चीवर चढले. हो. जेवढी घाबरले होते तेवढी ओरडले. काय करू? माझी नात कालवडीमुळे जगली, हेही खरंच आहे ना?”

“खरंच आहे.”

“मग झालं तर.” तिने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली, आणि गल्ल्याच्या खणातून पेन शोधून काढलं. सही करताना कागदावर तिच्या अंगठ्याचा चरबीचा ठसा उमटला. “डाग पडला. दुसरा लिहितोस?”

“राहू दे.”

“तिचं नाव कुठे निघता कामा नये.”

“नाही निघणार.”

“लोक विचारतील, एलिसेओ. उद्याच विचारतील. मी सांगायला गेले तर रडेन, आणि मला रडताना बघितलं की सगळं गाव विचारेल का. मग कोण सांगणार?”

“चिटणीस मी आहे,” एलिसेओ म्हणाला.

नेलिदाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं दुकानात पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं.

“म्हणतील, मास्तर फुटला.”

“म्हणतील.”

“सॉसेज घेऊन जा थोडे,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून माळ कापू लागली. “नाही म्हणू नकोस. आत्ता मला कोणी नाही म्हणू नका.”

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडलं तेव्हा एलिसेओ दारातच होता. ओविदिओ शिक्क्याची तारीख बदलत होता. मागच्या अंगणात त्याची मुलगी दोरीवर कपडे वाळत घालत होती. वाकून टोपलीतलं काही घ्यायचं झालं की ती आधी एक हात कमरेला लावे.

ओविदिओने पाकिटावरचा पत्ता वाचला आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा! म्हणजे शेवटी सुनावलंत त्यांना! मी म्हणतच होतो, मास्तर लिहितील तेव्हा असं लिहितील की...” त्याने पाकीट तळहातावर तोललं. “एवढंसंच? थोडक्यात हाणलेलं दिसतंय. साध्या टपालाने टाकतो. राजधानीपर्यंत फिरत-फिरत जाईल. तेवढाच आपल्याला वेळ.”

“रजिस्टर करा, ओविदिओ.”

“कशाला? त्यांना कसली घाई?”

“लवकर पोचायला हवं.”

ओविदिओचा शिक्क्याचा हात वरच राहिला. त्याने पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, जणू बाहेरून दिसण्यासारखं काही असावं.

“मास्तर, काय लिहिलंय यात?”

एलिसेओचा आवाज नेहमीपेक्षा जरा बारीक निघाला.

“हो लिहिलंय. पेटी न्या म्हणून.”

अंगणात मुलीने चिमटे तोंडात धरले होते आणि चादरीचं दुसरं टोक शोधत होती. ओविदिओ तिकडे पाहत राहिला.

“तिचे दिवस भरत आलेत.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे? ठाऊक असून?” तो ओरडला नाही. ओरडला असता तर एलिसेओला सोपं गेलं असतं. “कोणी दम दिला का तुम्हाला? खात्याचं कोणी आलं होतं?”

“नाही.”

“नेलिदा?”

“तिची सही आहे. पण मजकूर माझा.”

“मग का?”

याला उत्तर होतं. त्या उत्तराला नाव होतं, निळा डगला होता, आणि ते या वेळी, देवाने केलं तर, कुठे तरी पाठ टेकून बसलं असेल. एलिसेओने काउंटरची कडा धरली. त्याच्या डोक्यात आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांतली कितीतरी वाक्यं येऊन गेली, आणि एकही त्याच्या कामाचं नव्हतं.

“मला तसं वाटलं म्हणून,” तो म्हणाला.

ओविदिओने पाकिटाचं वजन केलं, तिकीट चिकटवलं, कडा अंगठ्याने दाबली आणि शिक्का मारला, गरजेपेक्षा जोरात. पावती त्याने हातात दिली नाही, काउंटरवर सरकवली. एलिसेओने आभार मानले. पाकीट टपालाच्या थैलीत पडलं आणि ओविदिओने थैलीचं तोंड आवळलं.

“पुढचा,” ओविदिओ म्हणाला.

एलिसेओच्या मागे कोणीच नव्हतं.